कोहेनांच्या वहीतलं पान

१

पान गेलं होतं. आणि गेलं होतं ते बाइंडरबाईंच्या दुकानातून, त्यांच्या टेबलावरून, अगदी त्यांच्या नाकाखालून!

रब्बींनी चष्मा पुसून परत घातला, वही पुन्हा पहिल्यापासून चाळली आणि मान हलवली. "पणजोबांच्या लग्नाची नोंद इथंच हवी. आधीचं पान आहे, नंतरचं आहे. मधलं नाही."

"नाही म्हणजे काय? पाय फुटले का त्याला?" बाइंडरबाईंनी वही जवळजवळ हिसकावलीच. सोमवारी ती हातात आली तेव्हा त्यांनी पानं मोजून पुठ्ठ्याच्या आत पेन्सिलीनं आकडा लिहिला होता, दोनशे बारा. तीस वर्षांची सवय. आज बुधवारी संध्याकाळी मोजली तर दोनशे अकरा. शिवणीलगत केसाएवढी कड ठेवून कुणीतरी पान सफाईनं कापून नेलं होतं.

दुकानात चौघं होती. धर्मगुरू रब्बी, बाइंडरबाई, त्यांची भाची आणि ज्यूंच्या सिनेगॉगची, म्हणजे प्रार्थनाघराची, देखभाल करणारे किल्लीवाले. कमरेला अठरा किल्ल्यांचा जुडगा, म्हणून किल्लीवाले. ते भाचीकडे न बघता म्हणाले, "ज्याला अडचण होती, त्यानंच काढलं असणार. आपण काय बोलणार!"

म्हणजे बोलून झालंच होतं.

एका पानासाठी एवढा जीव का टाकायचा, असं कुणाला वाटेल. तर गोष्ट अशी. कोहेन म्हणजे पुरोहित. ज्यूंमध्ये हे आडनाव नुसतं पाटीवर लिहायचं नसतं. जुन्या मंदिरात सेवा करणाऱ्या पुरोहितांचे हे वंशज, आणि हा मान बापाकडून मुलाकडे जातो, दुसऱ्या वाटेनं नाही. सिनेगॉगमध्ये पोथी वाचायला पहिलं बोलावणं कोहेनाला. हात उंचावून सगळ्यांना आशीर्वाद देणार तोही कोहेन. पण मानाबरोबर बंधनंही आली. अगदी सख्खं कुणी गेलं तरच, एरवी कोहेनानं मृताजवळ जायचं नाही, दफनभूमीत पाऊल टाकायचं नाही. आणि घटस्फोटित बाईशी लग्न करायचं नाही.

भाची घटस्फोटित होती. पहिल्या नवऱ्यानं चार वर्षं छळलं, मग सोडलं. आता ती दातांच्या दवाखान्यात काम करायची, मावशीकडे राहायची, आणि तीन वर्षांपासून तिचा जीव ज्याच्यावर जडला होता त्याचं आडनाव होतं कोहेन.

"आडनाव काय, कुणीही लावतं," असं त्या धाकट्या कोहेननं रब्बींशी भांडून भांडून म्हटलं होतं. "आमच्याकडे ते कुठून आलं, बघितलंय कुणी?" नेमकी तेव्हाच त्याच्या आजोळ-पणजोळच्या नव्हे, खुद्द वडिलांच्या गावची सिनेगॉग बंद पडली आणि तिथली लग्नांची वही इकडे आली. तिची पानं सुटून हातात येत होती. रब्बींनी ठरवलं, आधी वही नीट बांधून घेऊ, मग सगळ्यांसमोर वाचू. पणजोबा कोहेन निघाले तर लग्न नाही. नाही निघाले तर मंगळवारी लग्न.

"आता काय?" भाचीनं विचारलं.

रब्बी वाईट माणूस नव्हते. म्हणून तर त्यांनी आधी वही हळूच मिटली. "पान नाही तर पुरावा नाही. पुरावा नाही तर आडनाव सांगेल ते खरं. मी हे लग्न लावू शकत नाही, बाळ."

२

सगळे गेल्यावर भाची आतल्या खोलीत गेली आणि तिनं लग्नासाठी शिवलेला झगा घडी घालायला काढला. रडली असती तर बाइंडरबाईंना जरा बरं वाटलं असतं. ती नुसती घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती.

बाइंडरबाईंचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या बसल्या, उठल्या, चहा ठेवला, विसरल्या, करपलेलं भांडं नळाखाली टाकलं आणि शेवटी वहीसमोर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांच्यावर आळ आला होता ते एक वेळ राहू दे. आयुष्यात बांधायला आलेलं पुस्तक त्यांनी वाचलं नव्हतं. वाचायचं नाही, हा धंद्याचा नियम. पत्रं येतात, डायऱ्या येतात, बाइंडरनं वाचायला लागलं तर संपलंच! आज मात्र त्या नियमाच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. सोमवारीच वाचलं असतं तर?

त्यांनी कापलेल्या कडेवर बोट फिरवलं आणि थबकल्या.

आता बाइंडिंगचं एक साधं गणित आहे. मोठा कागद मधोमध दुमडला की दोन पानं होतात. असे काही कागद एकात एक घालून घडीत शिवले की एक जुज झाला, आणि जुजांवर जुज शिवून वही. म्हणजे प्रत्येक पानाला घडीपलीकडे एक जोडीदार असतो. एक कापलं की दुसरं सुटतं, दोन दिवसांत गळून पडतं. इथं जोडीदार सुटला नव्हता. कुणीतरी त्याच्या कडेला खळ लावून त्याला शेजारच्या पानाला चिकटवलं होतं. खळ दुकानातलीच होती. कीड लागू नये म्हणून बाई खळीत मोरचूद घालायच्या आणि तो हिरवट डाग त्यांच्या ओळखीचा होता.

"मेल्यानं एक पान चोरलं आणि दुसऱ्याची सेवा केली," त्या मोठ्यानं म्हणाल्या. "हा कुठला चोर म्हणायचा?"

चोरी दुकानातच झाली हे नक्की. सोमवारपासून आत कोण कोण आलं होतं? वही घेऊन किल्लीवाले. मंगळवारी धाकटा कोहेन. आज दुपारी त्याचे वडील, थोरले कोहेन, आपल्या प्रार्थनेच्या पोथीचं सुटलेला पुठ्ठा चिकटवून घ्यायला. आणि रोज डबा घेऊन येणारी भाची. प्रत्येक जण पाच-दहा मिनिटं एकटा होता, कारण बाई खळ ढवळायला मागच्या बाजूला जायच्याच.

भाचीचं नाव यादीत घालताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली. तरी घातलं.

३

धाकटा कोहेन लिफ्टची दुरुस्ती करायचा. बाई त्याच संध्याकाळी त्याला गाठायला गेल्या तेव्हा तो एका इमारतीच्या तळमजल्यावर लिफ्टच्या खड्ड्यात उभा होता, कमरेपर्यंत खाली आणि कोपरापर्यंत काळा.

"तू नेलंस का पान?" बाईंनी आडवळण घेतलंच नाही.

"मावशी, मला ती जुनी लिपी येते कुठं? काल तुमच्यासमोर वही उलटी धरली होती, तुम्हीच सरळ करून दिलीत. लहानपणी बाबा शिकवायला बसले की मी खिडकीतून पळायचो." तो हात पुसत वर आला. "आणि पान नसेल तर लग्न नाही, हे रब्बींनी महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. मला, तिला, सगळ्यांना. मी माझ्याच पायावर धोंडा कशाला पाडून घेऊ?"

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. अरेच्चा! खरंच की. पान हरवून या दोघांचा दमडीचा फायदा नव्हता. सगळं गाव एका दिशेनं बोट दाखवत होतं आणि ती दिशाच चुकीची होती.

"रब्बी तर नाहीच म्हणाले. आता काय करशील?"

"दुसऱ्या गावी जाऊन कचेरीत सही करून लग्न करू, मी म्हणालो. ती नाही म्हणते. पहिलं लग्न मोडलं तेव्हा लोकांनी तोंडं फिरवली. आता त्यांच्याच समोर उभं राहून करायचंय तिला, नाहीतर करायचंच नाही." त्यानं हातातलं फडकं खड्ड्यात भिरकावलं. "संध्याकाळपासून फोन उचलत नाही माझा."

तिथून बाई सिनेगॉगमध्ये. किल्लीवाले पोती भरत होते. देवाचं नाव लिहिलेला कागद जाळत नाहीत, फेकत नाहीत, ही तिथली रीत. जीर्ण पोथ्या, फाटकी पानं एका पेटीत साठवायची आणि वर्षा-दोन वर्षांनी दफनभूमीत नेऊन माणसासारखी पुरायची. हा दिवस नेमका उद्या होता.

"सकाळी दहाला पुरायचं," किल्लीवाले पोत्याचं तोंड आवळत म्हणाले. "बारा पोती झाली. लोकांना शेवटच्या दिवशी जाग येते. दुपारपासून जो तो आणून टाकतोय. थोरले कोहेनसुद्धा आपली पोथी स्वतःच्या हातानं पोत्यात टाकून गेले."

"तुमच्या ताब्यात ती वही किती दिवस होती?"

"महिनाभर. या कपाटात. का?" मग त्यांच्या लक्षात आलं. "बाई! मला पान काढायचं असतं तर तुमच्या दुकानापर्यंत कशाला आणलं असतं? वाळवी लागली म्हणालो असतो."

तेही बरोबरच होतं. बाईंनी जरा नरमाईनं विचारलं, "पण हे लग्न तुम्हाला नकोच आहे ना?"

"मला काय, पोरगी चांगली आहे. पण आमच्याकडे कोहेन एकच घर. थोरले आशीर्वादाला उभे राहतात ना, बाई, तेव्हा मला खरंच धीर येतो. कडक माणूस. त्यांचा बुद्धिबळातला दोस्त वारला, तीस वर्षांचा दोस्त, तरी दफनभूमीत पाऊल टाकलं नाही. फाटकाबाहेर नळापाशी उभे राहिले उन्हात, टोपी हातात घेऊन. मी पाणी नेऊन दिलं तर प्यायलेसुद्धा नाहीत."

४

थोरल्या कोहेनांचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान बंद व्हायच्या बेतात होतं. भिंतीवर तीस-चाळीस घड्याळं, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. घड्याळजी डोळ्याला भिंग लावून बसले होते. समोर उघडं घड्याळ, हातात चिमटा, पण चिमटा हलत नव्हता.

"पान मिळालं का?" त्यांनीच विचारलं.

"नाही. तुम्ही पाहिलंत दुपारी काही?"

"मी माझ्या पोथीपुरता आलो होतो."

बाईंनी स्टूल ओढलं. भांडून या माणसाकडून काही निघणार नव्हतं. "केवढी मोठी वही आहे हो तुमच्या गावची! तुम्ही एकोणिसाव्या वर्षी इकडे आलात ना? वडील काय करायचे?"

"घड्याळंच." थोरले जरा सैलावले. गावाची आठवण कुणी काढलीच नव्हती किती वर्षांत. "पण लोक त्यांना ओळखायचे ते वेगळ्या कामासाठी. फार मायाळू माणूस. कुणाच्याही घरी माणूस गेलं की पहिला निरोप यांना. त्याला अंघोळ घालायची, पांढरे कपडे चढवायचे. हिवाळ्यात पाणी आधी स्वतःच्या मनगटावर ओतून बघायचे. मी म्हणायचो, बाबा, त्यांना आता काय कळतंय? तर म्हणायचे, गार पाणी कुणालाच..."

ते थांबले. चिमट्यातला स्क्रू टेबलावरून घरंगळत जमिनीवर पडला. तो शोधायला ते वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत.

"उशीर झालाय, बाई," टेबलाखालून आवाज आला.

बाई रस्त्यावर आल्या, पण पाय घराकडे वळेनात. काहीतरी खटकलं होतं. दोन गल्ल्या चालून झाल्या, एका सायकलवाल्याच्या शिव्या खाऊन झाल्या, तेव्हा कुठं डोक्यात उजेड पडला आणि त्या भर रस्त्यात उभ्या राहिल्या. दोस्ताच्या दफनाला फाटकाबाहेर उभा राहणारा हा माणूस. आणि याचा बाप गावभरच्या मृतांना अंघोळ घालायचा?

पाठोपाठ दुसरी गोष्ट आठवली. दुपारी त्यांनी ज्या पोथीचा पुठ्ठा नीट चिकटवून दिला होता, वीस वर्षं हलणार नाही असा, तीच पोथी तासाभरात जीर्ण म्हणून पोत्यात पडली होती.

त्या धावतच सिनेगॉगकडे निघाल्या. दाराला कुलूप. किल्लीवाले पोती गाडीत घालून घरी गेले होते, आणि त्यांचं घर गावाबाहेर, गाडीही तिकडेच.

सकाळी उठल्या तर भाची नव्हती. टेबलावर चिठ्ठी होती, रब्बी दहाला दफनभूमीत असतील, मी लग्न रद्द झाल्याचं त्यांना सांगून येते, तू येऊ नकोस.

५

दहाला पाच कमी असताना बाई धापा टाकत फाटकापाशी पोचल्या. आत खड्डा तयार होता. रब्बी, किल्लीवाले, आणखी सात-आठ जण. दफनभूमीचं बंधन न जुमानता धाकटा कोहेन आत गाडीतून पोती उतरवत होता. भाची थोड्या अंतरावर रब्बींचं काम संपायची वाट बघत उभी होती. ती धाकट्याकडे बघत नव्हती आणि तो दुसरीकडे कुठं बघत नव्हता.

फाटकाबाहेर नळापाशी थोरले कोहेन उभे होते. टोपी हातात.

"थोरले," बाई म्हणाल्या, "आत बारा पोती आहेत. मी शोधत बसले तर संध्याकाळ होईल. तुमची पोथी कुठल्या पोत्यात आहे?"

"कसली पोथी?"

"काल मी नीट करून दिलेली. नीट झालेली पोथी कुणी पुरायला टाकत नाही, तिच्यात काही लपवायचं असल्याखेरीज. पानावर देवाचं नाव आहे, म्हणून जाळायला हात धजला नाही तुमचा. शेजारचं पान सुटू नये म्हणून खळ लावलीत. ब्लेड घड्याळजीचं, मन भाविकाचं."

"मला हे लग्न नको, हे सगळ्यांना माहीत आहे. मग मी कोहेन असल्याचा पुरावा मी का कापेन?"

"तेच तर! मुलांना पान नसून तोटाच. किल्लीवाल्यांकडे वही महिनाभर होती. राहिलात तुम्ही. आणि आडनावाच्या बाजूचं पान तुम्ही कापणार नाही. म्हणजे पान आडनावाच्या विरुद्ध होतं." बाईंनी आवाज खाली आणला. "तुमचे वडील मृतांना अंघोळ घालायचे. कोहेन असते तर त्यांना त्या खोलीत कुणी पाऊल टाकू दिलं नसतं. ते कोहेन नव्हते, आणि हे तुम्हाला लहानपणापासून माहीत आहे."

थोरल्यांनी नळाचा आधार घेतला. बाईंना वाटलं, हे आता नाकारतील, ओरडतील. पण ते बोलले ते अगदी दमल्यासारखं.

"एकोणीस वर्षांचा होतो. आई-वडील गेलेले. ओळखीचं कुणी नाही. पहिल्या शनिवारी मागच्या बाकावर बसलो होतो. कुणीतरी नाव विचारलं. कोहेन म्हणालो, तेच नाव होतं माझं. तर पुढून हाक आली, कोहेन, या, पहिलं वाचन तुमचं. सगळ्यांनी वळून बघितलं, सरकून वाट करून दिली. त्याआधी सहा महिने माझ्यासाठी कुणी खुर्चीसुद्धा सरकवली नव्हती, बाई. पुढच्या शनिवारी सांगू म्हटलं. मग त्याच्या पुढच्या. चाळीस वर्षं झाली."

"आणि पोराचं लग्न?"

"रोज सांगायचं ठरवून झोपतो. सकाळी वाटतं, मी हात उंचावून ज्यांना आशीर्वाद दिले त्यांना काय तोंड दाखवू?"

आत खड्ड्यात पहिलं पोतं उतरलं. धप्प आवाज झाला.

"मी आत जाऊन सांगू शकते," बाई म्हणाल्या. त्यांना या माणसाचा राग आला होता आणि दयाही येत होती, दोन्ही एकदम, आणि त्यामुळे आणखी राग येत होता. "माझ्या भाचीसाठी सांगणारच. पण मी सांगितलं तर तुमचा मुलगा जन्मात तुमच्याशी बोलणार नाही. तुम्ही सांगितलंत तर कदाचित बोलेल. ठरवा. चारच मिनिटं आहेत."

चार लागली नाहीत. थोरल्यांनी टोपी डोक्यावर घातली, फाटक ढकललं आणि ते आत निघाले.

"अहो थोरले!" किल्लीवाले ओरडले. "इकडे कुठं? थांबा तिथंच! पोती आम्ही उतरवतो!"

ते थांबले नाहीत. दोन्ही बाजूंनी थडगी होती, मधून पायवाट होती, आणि एकेकाचं काम थांबत गेलं. पाचव्या पोत्यापाशी ते गुडघ्यावर बसले, दोरी सोडली, आपली पोथी काढली, तिच्यातलं दुमडलेलं पान रब्बींच्या हातात दिलं.

रब्बींनी मनात वाचलं. मग मोठ्यानं वाचलं. "नवरदेव पोरका. बाप पाणक्या होता, कोहेन नव्हे. मुलाला कोहेन सासऱ्यांनी घरी वाढवलं. सासऱ्यांना मुलगा नाही. त्यांनी मुलगी दिली आणि त्यांच्या आग्रहावरून जावयानं त्यांचं आडनाव घेतलं."

किल्लीवाले मातीच्या ढिगावर मटकन बसले. "आपल्या आशीर्वादाचं काय मग?" असं एका म्हाताऱ्यानं हळूच विचारलं, त्याला शेजारच्यानं कोपर मारलं.

"देणारा मी नव्हतोच," थोरले म्हणाले. "मी फक्त हात वर करत होतो. तुम्ही काय शिक्षा द्याल ती द्या."

धाकटा पुढे आला. त्याचा चेहरा बघून भाचीनं त्याचा दंड धरला. "तीन वर्षं," तो म्हणाला. "तीन वर्षं मी तुमच्या पाया पडत होतो, बाबा. आणि तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"तिला लोक काय काय बोलत होते. कालसुद्धा चोर म्हणाले. तुम्ही ऐकत होता."

"हो."

"मग आपण आहोत तरी कोण?"

थोरले त्याच्याकडे बघत होते, पण उत्तर देताना त्यांची नजर भाचीकडे गेली. "पाणक्याच्या पोराचे वंशज. त्याला घर नव्हतं, तर एका माणसानं घर दिलं, पोरगी दिली, वर स्वतःचं नावही दिलं. आपल्या घरात त्या नावाचा एवढाच अर्थ होता. मी त्याचा भलता अर्थ लावून जगलो." त्यांनी भाचीसमोर हात जोडले. "तू आत येत होतीस आणि मी दार लावून बसलो, पोरी."

भाचीच्या डोळ्यांतून कालपासून अडलेलं पाणी आता घळाघळा वाहत होतं. तिनं त्यांचे जोडलेले हात खाली केले. माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि ते बरंच झालं, कारण ते खोटं वाटलं असतं. पण हात तिनं लगेच सोडलेही नाहीत.

रब्बींनी पान जपून वहीत ठेवायला बाइंडरबाईंकडे दिलं. "शनिवारी बोलू सगळ्यांनी मिळून, थोरल्यांबद्दल," ते म्हणाले. "मंगळवारी मात्र लग्न आहे. आता आधी ही पोती पुरू."

धाकट्यानं मातीत रुतलेली दोन फावडी उपटली. एक स्वतःकडे ठेवलं. दुसरं त्यानं बापाच्या दिशेनं धरलं, तोंडाकडे न बघता.

"घ्या बाबा," तो म्हणाला. "त्या बाजूनं तुम्ही टाका."